जर्मनीत बिऱ्हाड मांडताना : परवडणारे भाड्याचे घर शोधण्याचा क्रम

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांमधील भागीदारी २०१५ पासूनची आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट ही शहरे तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्यासंबंधीचा करार झाल्यापासून मोटारनिर्मितीतील अभियंत्यांखेरीज परिचारिका, वाहनचालक आणि कारागीर यांच्याही घरांत ‘जर्मनीला जायचे’ ही चर्चा सुरू झाली आहे. नोकरी, व्हिसा आणि भाषा यांविषयी माहिती सहज मिळते. घराविषयी मात्र बहुतेक जण तेथे पोहोचेपर्यंत विचार करत नाहीत, आणि नेमके तेथेच अडतात. हा लेख स्टुटगार्ट परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कायद्याच्या बहुतेक तरतुदी जर्मनीभर सारख्याच असल्याने म्युनिक किंवा फ्रँकफुर्टला जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा क्रम एकदा लक्षात आला की जर्मनीतील घरशोधाचा निम्मा ताण कमी होतो, असे माझे मत आहे, आणि म्हणून पुढील मांडणी त्या क्रमानेच केली आहे.

निघण्यापूर्वी : आधी एकाने जावे

चौघांनी एकाच विमानाने जावे, हा मोह समजण्यासारखा आहे. तरीही शक्य असेल तर नोकरी लागलेल्या व्यक्तीने तीन ते पाच महिने आधी एकट्याने जाणे शहाणपणाचे ठरते. याचे कारण साधे आहे. एकट्या माणसाला एखाद्या सामायिक घरातील खोली किंवा सामानासह मिळणारे छोटे घर काही आठवड्यांत मिळू शकते, परंतु चार जणांच्या कुटुंबाला चालेल असे घर भारतात बसून, प्रत्यक्ष न पाहता मिळणे जवळजवळ अशक्य असते, आणि हॉटेलात किंवा पर्यटकांसाठीच्या सदनिकेत कुटुंबासह महिना-दोन महिने काढावे लागले तर सोबत आणलेली गंगाजळी तेथेच आटते.

या प्रवासाला आपल्याकडील शाळेचे वेळापत्रकही अनुकूल आहे. महाराष्ट्रातील वार्षिक परीक्षा साधारण एप्रिलपर्यंत आटोपतात, आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये नवे शैक्षणिक वर्ष उन्हाळी सुट्टीनंतर सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणजे कमावत्या व्यक्तीने मार्च-एप्रिलमध्ये पुढे जावे, मे-जूनमध्ये घर पक्के करावे, आणि मुलांनी भारतातील वर्ष पुरे करून ऑगस्टमध्ये यावे, असे केल्यास कोणाचेच वर्ष मध्येच तुटत नाही.

कुटुंबाच्या व्हिसासाठी घराचा पुरावा लागतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा निवास व काम परवाना) किंवा पात्र कुशल कामगाराचा निवास परवाना असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला आणि अल्पवयीन मुलांना बोलावताना पुरेशी जागा असल्याचा पुरावा मागण्याची अट मार्च २०२४ पासून काढून टाकण्यात आली आहे. ही सूट सर्व परवान्यांना लागू नाही; परदेशी पात्रतेला मान्यता मिळवण्याच्या प्रक्रियेत असलेल्या किंवा व्यवसाय-प्रशिक्षणासाठी गेलेल्या व्यक्तीला घराचे क्षेत्रफळ दाखवावे लागू शकते, आणि तेथे सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे १२ चौरस मीटर व त्याहून लहान मुलामागे १० चौरस मीटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि पोहोचल्यावर लगेच नोकरी करता येते, ही गोष्ट घराच्या खर्चाचा अंदाज बांधताना विसरू नये.

विवाह नोंदणी आणि जन्म दाखल्यांबाबत एक सूचना येथेच देतो. भारत अपोस्टिल करारात, म्हणजे एका देशाचे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावेत म्हणून केल्या जाणाऱ्या अधिकृत प्रमाणनाच्या करारात आहे, परंतु भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्याने या दोन देशांमध्ये तो करार लागू होत नाही. त्यामुळे एजंटाच्या सांगण्यावरून सर्व कागदांवर अपोस्टिल करून घेण्याआधी वाणिज्य दूतावासाची व्हिसासाठीची सूची नीट वाचावी, आणि वाचवलेले पैसे अधिकृत जर्मन भाषांतरासाठी ठेवावेत.

भाड्याचे गणित : थंड, ऊबदार आणि त्यापलीकडचे

जर्मन जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे थंड भाडे. हे केवळ जागेचे असते. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा, मालमत्ता कर आणि बहुधा खोल्या तापवण्याचा खर्च मिळवला की ‘वार्ममीटे’ म्हणजे ऊबदार भाडे होते. या वरच्या खर्चाला ‘नेबेनकोस्टन’ म्हणतात. आपल्या सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चाशी त्याची तुलना करता येते, पण एक महत्त्वाचा फरक आहे : नेबेनकोस्टनची मासिक रक्कम ही आगाऊ अंदाजाने घेतलेली असते आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष वापराप्रमाणे तिचा हिशेब होतो. वीज आणि इंटरनेट यांचा खर्च या दोन्ही भाड्यांत धरलेला नसतो. त्यांचे करार भाडेकरूने स्वतः करायचे असतात. शिवाय प्रत्येक घरामागे प्रसारण शुल्क भरावे लागते, जे २०२१ पासून महिना १८.३६ युरो आहे. घरात टीव्ही नाही म्हणून ते माफ होत नाही.

घर परवडते की नाही हे ऊबदार भाड्यावरून ठरवावे. घरमालकही तेच पाहतात, आणि ऊबदार भाडे हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावे, असा त्यांचा ठोकताळा असतो. येथे नवख्यांच्या बाबतीत एक गंमत होते. जोडीदार भारतात असेपर्यंत विवाहित व्यक्तीलाही अविवाहिताप्रमाणे पहिल्या करवर्गात (पगारातून दरमहा किती कर कापायचा हे या वर्गावरून ठरते) टाकले जाते, त्यामुळे सुरुवातीच्या पगारपत्रकांवर हातात आलेली रक्कम कमी दिसते. जोडीदार येऊन नोंदणी झाली आणि त्यानंतर तिसरा करवर्ग मागून घेतला की तीच रक्कम बरीच वाढू शकते. घरमालकाला हे आपणहून सांगितले पाहिजे, कारण कागदावरून त्याला ते कळत नाही. याखेरीज प्रत्येक मुलामागे मिळणारा बालभत्ता, म्हणजे ‘किंडरगेल्ड’, २०२५ मध्ये महिना २५५ युरो होता आणि २०२६ पासून २५९ युरो झाला आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. थंड भाडे १,०५० युरो आणि नेबेनकोस्टन २५० युरो असेल तर ऊबदार भाडे १,३०० युरो झाले. वीज, इंटरनेट आणि प्रसारण शुल्क धरून दरमहा १,४०० युरोंच्या आसपास बाजूला काढावे लागतील. त्याशिवाय अनामत रक्कम येते. कायद्याने ती थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे या उदाहरणात कमाल ३,१५० युरो, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. अनेक मालक संपूर्ण रक्कम एकदम मागतात. घर हवे असेल तर त्या एका मुद्द्यावर हटून बसू नये असे मी म्हणेन, पण हक्क आहे हे माहीत असावे.

आपल्याकडच्या ‘बीएचके’ पद्धतीचा येथे उपयोग नाही. जर्मनीत स्वयंपाकघर आणि स्नानगृह सोडून खोल्या मोजतात, त्यामुळे ‘तीन खोल्यांचे घर’ म्हणजे आपले टू बीएचके होय. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते; ७५ चौरस मीटर म्हणजे साधारण ८०७ चौरस फूट, आणि तेही प्रत्यक्ष वापरातील. सुपर बिल्टअप हा प्रकार नाही. गच्ची किंवा बाल्कनी असेल तर तिचा सहसा चौथा हिस्साच मोजला जातो. चार जणांनी दोन खोल्यांच्या घरात भागवून नेण्याची तयारी दाखवली तरी मालक बहुधा नकार देतो.

आणि स्वयंपाकघर. भाड्याच्या अनेक जर्मन घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, नळाची जोडणी आणि विजेच्या तारा एवढेच असते. ओटा, कपाटे, शेगडी, सिंक, काहीही नसते. छतावर दिवेसुद्धा नसतात, तारा लोंबत असतात. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखं’ हा शब्द असेल तर बसवलेले स्वयंपाकघर आहे असे समजावे. नसेल, तर आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर विकत देऊ करतो का ते विचारावे. या व्यवहाराला ‘आबलोझं’ म्हणतात. नवीन स्वयंपाकघर बसवण्यापेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, मात्र वस्तूंची यादी आणि किंमत लेखी घ्यावी.

कुठे शोधावे : शहराऐवजी रेल्वेमार्ग निवडावा

स्टुटगार्ट हे जर्मनीतील महाग शहरांपैकी एक आहे, आणि मध्यवर्ती भागात कुटुंबासाठी घर शोधणे हे सुरुवातीला तरी वेळेचा अपव्यय ठरते. उपनगरी रेल्वेचा, म्हणजे ‘एस-बान’चा नकाशा घेऊन बसावे आणि कार्यालयापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत येणारी सर्व स्थानके अधोरेखित करावीत. डोंबिवली किंवा बदलापूरहून मुंबईत नोकरीला येणाऱ्यांना हा विचार नवा नाही, फक्त येथे डब्यात बसायला जागा मिळते. एस-१ हा मार्ग एका बाजूला बोबलिंगेनवरून हेरेनबेर्गपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला एसलिंगेन, प्लोखिंगेनवरून किर्खहाइमपर्यंत जातो; एस-२ शोर्नडोर्फला, एस-३ बाकनांगला आणि एस-६ लिओनबेर्गवरून वाइल डेर श्टाटला पोहोचतो. मार्गाच्या टोकाकडे सरकू तसे भाडे साधारणपणे उतरत जाते. देशभर स्थानिक व प्रादेशिक गाड्यांना चालणारे मासिक डॉइचलांड-तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळते, आणि अनेक कंपन्या त्याचा काही भार उचलतात. शहरातील आणि टोकाच्या गावातील भाड्यात दोनशे युरोंचा फरक असेल तर तिकिटाचे पैसे वजा करूनही पुष्कळ उरते. जोडीदारालाही रोज प्रवास करावा लागणार असेल तर मात्र गणित पुन्हा मांडावे.

मुले लहान असतील तर गाव निवडण्याआधी तेथील नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बालवाडीचे, म्हणजे ‘किटा’चे शुल्क पाहावे. बर्लिनमध्ये किटाचे मूळ शुल्क माफ आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र सहसा शुल्क असते आणि ते गावागणिक बदलते. स्वस्त घराच्या गावात किटा महाग असल्यास फायदा तेथेच संपतो. एक वर्ष पूर्ण झालेल्या बालकाला किटाच्या जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, परंतु हक्क असणे आणि जागा मिळणे यांत बरेच अंतर असते, म्हणून गावात नोंदणी होताच अर्ज करून ठेवावा.

शोधासाठी इमोबिलियनस्काउट, इमोवेल्ट आणि क्लाइनआनत्साइगन ही संकेतस्थळे सर्वांत जास्त वापरली जातात. त्यांवर सूचना चालू ठेवाव्यात, कारण चांगल्या जाहिरातीला पहिल्या तासातच ढिगाने अर्ज जातात. मात्र सर्व घरे तेथे येत नाहीत. गृहनिर्माण सहकारी संस्था, ज्यांना ‘गेनोसनशाफ्ट’ म्हणतात, सभासदांना वाजवी भाड्याने घरे देतात. त्यासाठी भागभांडवल घ्यावे लागते आणि प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे पहिल्या घरासाठी नाही तरी दुसऱ्या घरासाठी लवकरात लवकर नाव नोंदवून ठेवावे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अनुदानित घरासाठी पात्रता दाखला मिळू शकतो, पण त्यासाठी निवास परवाना किमान वर्षभराचा असावा लागतो. कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही विचारावे; मोठ्या कारखान्यांच्या अंतर्गत फलकावर सहकारी आपली घरे जाहीर करतात.

माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरलेला मार्ग ‘नाखमीटर’चा होय. घर सोडणाऱ्या भाडेकरूला तीन महिन्यांची मुदत पाळावी लागते, आणि ती कमी व्हावी म्हणून तो स्वतःच आपल्यामागून येणारा भाडेकरू शोधून मालकासमोर उभा करतो. मराठी मंडळांच्या आणि भारतीय कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अशी घरे नियमित येतात, अनेकदा स्वयंपाकघर, पडदे आणि मिक्सरच्या जोडणीसह. पसंती शेवटी मालकाचीच असते, पण आधीच्या कुटुंबाने पाच वर्षे भाडे वेळेवर दिले असेल तर त्यांच्या शब्दाला वजन येते.

अर्जाचा संच आधी तयार असावा

घर पाहायला जाण्यापूर्वी एकाच पीडीएफमध्ये पुढील कागद जोडून ठेवावेत : पासपोर्ट आणि निवास परवान्याची प्रत, नोकरीचा करार, मिळाली असतील तेवढी पगारपत्रके, भाडेकरूची स्वयंघोषणा, आणि पतनोंद, म्हणजे देणी वेळेवर फेडल्याची नोंद. ही पतनोंद ‘शुफा’ नावाची संस्था ठेवते. नव्याने आलेल्या व्यक्तीची तेथे काहीच नोंद नसते, आणि ‘नोंद नाही’ याचा अर्थ काही मालक ‘पत नाही’ असा घेतात. त्यावर उपाय म्हणून भारतातील घरमालकाकडून भाडे कधीही थकले नसल्याचे इंग्रजी पत्र आणावे, आणि कंपनीकडून नोकरी कायमस्वरूपी असल्याचे व पगाराची रक्कम नमूद केलेले पत्र जर्मन भाषेत घ्यावे. नोकरीतील परीक्षाविधीन काळ (प्रोबेशन) सहसा सहा महिन्यांचा असतो. तो चालू असल्याचे लपवू नये, कारण करारात तो लिहिलेला असतोच.

अर्जासोबतचे पत्र जर्मन भाषेत, दहा-बारा ओळींचे असावे. कुटुंबात कोण आहे, मुलांची वये काय, काम कोठे आहे, घर केव्हापासून हवे आहे आणि किती वर्षे राहण्याचा विचार आहे, एवढे पुरे. धूम्रपान करत नाही आणि पाळीव प्राणी नाही, या दोन गोष्टी खऱ्या असतील तर जरूर लिहाव्यात. घरात कोणी तबला किंवा हार्मोनियम वाजवत असेल तर ती माहिती पत्रात नको, पण प्रत्यक्ष विचारल्यास खरे सांगावे. इमारतीत वाद्ये वाजवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या पाळल्या तर सहसा कोणी हरकत घेत नाही. धर्म किंवा गर्भधारणा यांविषयी प्रश्न विचारण्याचा मालकाला अधिकार नाही, आणि अशा प्रश्नाचे खरे उत्तर देणे भाडेकरूवर बंधनकारक नाही.

पन्नास अर्ज करून पाच उत्तरे आली तर निराश होऊ नये. मला पहिल्या सहा आठवड्यांत दोनच ठिकाणांहून बोलावणे आले होते, आणि त्यातील एका ठिकाणी जिन्यात माझ्यापुढे तीस माणसे उभी होती.

घर पाहताना, आणि पैसे देण्याआधी

येथे नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही : आपण स्वतः किंवा आपल्या विश्वासातील माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. फसवणुकीची गोष्ट ठरावीक असते. घर शहराच्या मध्यभागी, छायाचित्रे मासिकातल्यासारखी, भाडे बाजारापेक्षा बरेच कमी. मालक कामानिमित्त परदेशी असल्याने किल्ली पोस्टाने पाठवणार, फक्त अनामत आधी भरावी अशी विनंती. नोकरीच्या गडबडीत, कुटुंब येण्याची तारीख जवळ आलेली असताना सुशिक्षित माणसेही या जाळ्यात सापडतात. पासपोर्टची प्रतसुद्धा पहिल्याच ईमेलला पाठवू नये, कारण तीच प्रत वापरून पुढच्याला फसवले जाते.

घर दाखवण्याबद्दल शुल्क घेणे बेकायदेशीर आहे. दलालीचा नियमही आपल्यापेक्षा वेगळा आहे : जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची असते, म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. भाडेकरूने स्वतः लेखी स्वरूपात दलाल नेमला असेल तरच त्याच्याकडून ती घेता येते, आणि तीही मूल्यवर्धित कर वगळून थंड भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त असू शकत नाही.

पाहणीच्या वेळी ऊर्जा-दाखला, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते हे सांगणारा कागद मागावा. तो दाखवणे मालकावर बंधनकारक आहे. ‘ए-प्लस’पासून ‘एच’पर्यंतच्या श्रेणीत घर शेवटाकडे असेल तर थंड भाडे कितीही आकर्षक असले तरी हिवाळ्यात ते वसूल होते. खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि स्नानगृहाच्या छताला काळी बुरशी आहे का, कपडे धुण्याचे यंत्र घरात बसते की तळघरातील सामायिक जागेत, तळघरात सामानासाठी कप्पा मिळतो का, हे विचारावे. खिडकी उत्तरेची असेल तर डिसेंबरात दुपारीही दिवा लावावा लागेल, हे पुण्याच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला मे महिन्यात घर पाहताना सुचत नाही.

करार वाचताना

आपल्याकडील अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सवय येथे सोडून द्यावी. जर्मनीतील नेहमीचा भाडेकरार बेमुदत असतो. भाडेकरूने घर सोडायचे ठरवल्यास तीन महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडली तरच तो महिना मोजला जातो. मालकाला मात्र कायद्याने मान्य कारण असल्याशिवाय करार मोडता येत नाही, आणि भाडेकरू पाच वर्षे राहिल्यावर मालकाने द्यायच्या सूचनेचा काळ सहा महिन्यांचा, आठ वर्षांनंतर नऊ महिन्यांचा होतो.

तीन गोष्टी विशेष तपासाव्यात. पहिली, करारात ठरावीक काळ घर न सोडण्याचे कलम आहे का. असे कलम कमाल चार वर्षांसाठी चालते, आणि परीक्षाविधीन काळातील माणसाने ते शक्यतो स्वीकारू नये. दुसरी, भाडेवाढीची पद्धत. साध्या करारात तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा, आणि घरांची टंचाई जाहीर केलेल्या ठिकाणी १५ टक्क्यांपेक्षा, जास्त वाढ करता येत नाही. दरवर्षी दहा टक्के ही आपली रूढी येथे नाही. ‘श्टाफेलमीटे’ असेल तर पुढील वाढीच्या रकमा करारातच लिहिलेल्या असतात, आणि ‘इंडेक्समीटे’ असेल तर भाडे महागाई निर्देशांकाबरोबर चढते. तिसरी, सुरुवातीचे भाडे. स्टुटगार्टसह राज्य सरकारांनी जाहीर केलेल्या भागांत नवे भाडे स्थानिक तुलनात्मक भाड्यापेक्षा, म्हणजे त्या भागात तशाच घरांना सहसा असलेल्या भाड्यापेक्षा, १० टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे. तो २०२९ अखेरपर्यंत वाढवण्यात आला आहे, मात्र ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथम वापरात आलेल्या नव्या इमारतींना तो लागू नाही. शंका असल्यास भाडेकरू संघटनेचे, म्हणजे ‘मीटरफेराइन’चे सभासद व्हावे, माफक वार्षिक वर्गणीत त्यांचे कायदेतज्ज्ञ करार वाचून देतात. सही करण्याआधी एक दिवस मागून घेण्यात काहीही गैर नाही.

किल्ली मिळाल्यावर

किल्ली घेताना मालकासोबत घरभर फिरून हस्तांतर-पत्रक भरावे, आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, फरशीचा प्रत्येक तडा, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे त्यात नोंदवून छायाचित्रे काढावीत. चार-पाच वर्षांनंतर अनामत परत घेताना हाच कागद साक्षीला येतो.

त्याच दिवशी मालकाकडून ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा लांबलचक नावाचा, पण एका पानाचा दाखला सही करून घ्यावा. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तेथे हा दाखला लागतो. पहिल्या तात्पुरत्या खोलीसाठीही हीच अट आहे, म्हणून ती खोली घेताना ‘नोंदणी करता येईल का’ हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावा. नोंदणी झाल्यावर कर-क्रमांक पोस्टाने येतो. बालभत्ता आणि करवर्गातील बदल त्यावर अवलंबून असतात, आणि बँकेतही पत्त्याचा हा पुरावा बहुधा मागतात.

पोस्टाने येतो, यातच एक मेख आहे. जर्मनीत पत्त्यात सदनिकेचा क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचे आडनाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. म्हणून किल्ली मिळालेल्या दिवशीच पेटीवर आणि घंटीवर नाव लावावे. पती-पत्नीची किंवा मुलांची आडनावे पासपोर्टवर वेगवेगळी असतील तर ती सर्व लावावीत.

कुटुंब आल्यावर

जोडीदार आणि मुले यांचीही नोंदणी दोन आठवड्यांत करावी. बालभत्त्याचा अर्ज लगेच करावा, कारण तो फक्त मागील सहा महिन्यांपर्यंतचाच मिळतो. प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते; थेट त्या शाळेत फोन करून भेटीची वेळ घ्यावी. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी अनेक शाळांत पूर्वतयारी वर्ग असतात, आणि सात-आठ वर्षांची मुले तेथे आईवडिलांपेक्षा फार लवकर रुळतात.

शेजाराशी संबंध बिघडण्याची कारणे किरकोळ असतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. रविवारी भिंतीला खिळा ठोकणे हा तर अक्षम्य अपराध समजला जातो. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करावा लागतो. स्टुटगार्ट परिसरात ‘केरवोखं’ नावाची प्रथा अजून टिकून आहे, तिच्यानुसार जिना आणि पायवाट झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घरावर येते, आणि दारावर लटकवलेली पाटी आपली पाळी आल्याचे सांगते. आपल्या स्वयंपाकाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे खिडक्या उघडण्याची : कुकरची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांमुळे हिवाळ्यात भिंतींवर ओल धरते आणि बुरशी येते, आणि तिचा दोष भाडेकरूच्या माथी मारला जातो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे सर्व खिडक्या सताड उघडाव्यात आणि त्या वेळी खोली तापवणारे यंत्र बंद ठेवावे.

पहिला नेबेनकोस्टनचा हिशेब साधारणपणे पुढल्या वर्षी येतो. पहिल्या हिवाळ्यात नवखी कुटुंबे घर जास्त तापवतात, त्यामुळे त्यात काहीशे युरो आणखी भरण्याची मागणी असू शकते. तेवढी रक्कम दरमहा थोडी थोडी करून बाजूला ठेवावी. हिशेबाचा कालावधी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो भाडेकरूला मिळाला पाहिजे, उशीर झाल्यास मालकाला सहसा वाढीव रक्कम मागता येत नाही, आणि हिशेब हाती आल्यापासून आक्षेप घेण्यासाठी भाडेकरूलाही बारा महिने मिळतात. म्हणून लिफाफा फोडल्यावर आधी किल्ली घेताना नोंदवलेले मीटरचे आकडे शोधून काढावेत आणि ते जुळवून पाहिल्यानंतरच पैसे भरावेत.